मनगटराव आणि थोरली मंडळी

धक्क्यावरची माणसे त्यांना मनगटराव म्हणत. हे नाव त्यांनी कधी नाकारले नाही. टोपणनावे बहुधा माणसाच्या व्यंगावरून पडतात. हे निदान कामावरून पडले होते. रोज सकाळी कालवांच्या तराफ्यावर पाऊल ठेवले की ते डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत दुमडत, गुडघे टेकून बसत, मनगटाची आतली बाजू पाण्यात धरत आणि डोळे मिटून घेत. मग समुद्र आज किती तापला आहे ते सांगत, आणि ते बहुधा खरे निघे.

ही विद्या त्यांची स्वतःची नव्हती, बायकोची होती. तान्ह्या मुलाला न्हाऊ घालण्याआधी ती पाण्यात मनगट बुडवून बघे, आणि पुढे कालवांचा धंदा सुरू केल्यावर तेच मनगट तिने समुद्रात बुडवले. बोटांवर विश्वास ठेवू नये, असे तिचे म्हणणे. बोटांना कामाचे घट्टे पडतात आणि ती निगरगट्ट होतात. मनगटाची आतली कातडी मात्र कुणाची चाकरी करत नाही, म्हणून खरे बोलते. ती गेल्यावर हे काम आपसूक त्यांच्याकडे आले. पहिले वर्षभर पाण्यात हात घालताना आपण तिच्या आसनावर बसलो आहोत, असे त्यांना वाटत राही. पुढे ते वाटणे ओसरले, सवय तेवढी उरली.

सून घरात आली ती डोंगरापलीकडच्या कोरड्या गावातून. लग्नाआधी तिने समुद्र पाहिला होता तो कॅलेंडरवर. पण बाई हट्टी. ती पोहायला शिकली, होडी वल्हवायला शिकली, आणि नवरा मालवाहू बोटीच्या इंजिनघरात नोकरीला निघून गेल्यावर सासऱ्यांच्या जोडीने तराफ्यावर उभी राहिली. मग एके दिवशी तिने तराफ्याच्या खांबाला एक बंद डबी ठोकली. डबीतून दोन वायरी पाण्यात सोडलेल्या, एक वरच्या पाण्यात आणि एक खोल. दोन्हींच्या टोकाला तापमान मोजणारे सेन्सर. आकडा थेट तिच्या फोनवर येई.

मनगटरावांनी डबीकडे दुसऱ्याच्या घरातला पाहुणा बघावा तसे पाहिले, आणि त्या दिवसापासून दोघांत एक भांडण सुरू झाले. ते दोघांनाही इतके आवडू लागले की एखाद्या सकाळी ते झाले नाही तर दिवस अळणी जाई.

"आधी तुम्ही बोला," सून म्हणे.

"मी बोललो की तू आकडा बघून हसतेस."

"बरं, मग आज मी आधी बोलते."

"मग मला कशाला आणलंस? काठावर सोडून यायचंस."

जो हरेल त्याने चहा करायचा, असा ठराव होता. हिशेब कुणीच ठेवला नव्हता. पण आपणच जास्त वेळा जिंकलो, याविषयी दोघांचीही खात्री होती.

त्या वर्षी मात्र या थट्टेला धार आली, कारण समुद्र निवेचना. जमिनीवरच्या माणसाला ही गोष्ट चटकन पटत नाही. हवा दिवसा तापते, रात्री निवते, आणि सकाळी आपण कालचे विसरून कामाला लागतो. समुद्राचे तसे नाही. तो सावकाश तापतो, आणि एकदा तापला की डूख धरून बसल्यासारखा ती ऊब पोटात ठेवतो. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली जी हिरवी गवताची कुरणे होती, ती पिवळी पडून लाटांबरोबर किनाऱ्याला लागली. जाळ्यांत असे मासे येऊ लागले ज्यांना काय म्हणायचे ते जुन्या कोळ्यांनाही ठाऊक नव्हते. भाड्याची मोटरबोट चालवणारा इंजिनवाला त्यांना 'नवे भाडेकरू' म्हणे. "जुने भाडेकरू घर सोडून कुठं गेले, ते मात्र मला विचारू नका," असे पुढे जोडी. तो अंगाने चांगला भरलेला होता आणि स्वतःच्या पोटावर स्वतःच विनोद करत असल्यामुळे इतरांना त्यासाठी जागाच ठेवत नसे.

मासा निदान पोहत जाऊन गार पाणी शोधू शकतो. कालव जिथे चिकटले तिथेच त्याचा जन्म जातो आणि तिथेच मरण येते. पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो, आणि नेमकी तेव्हाच कालवाची श्वासाची गरज वाढते. म्हणजे मिळकत आटली आणि घरात खाणारी तोंडे वाढली, अशी प्रपंचाची ओढाताण. ती फार दिवस चालली की शिंपला मिटून धरण्याइतकेही बळ त्या जिवात उरत नाही. शिंपला उघडतो, आणि मग तो मिटत नाही.

विकायच्या कालवांचे काय ते होवो, ती पुन्हा वाढवता आली असती. घोर होता तो थोरल्या मंडळींचा. हे नाव मनगटरावांच्या बायकोने ठेवलेले. दरेक कडक उन्हाळ्यातून जी कालवे तगली, त्यांतली निवडून तिने वेगळी ठेवली. त्यांच्या पिल्लांतून पुन्हा तगलेली निवडली. तिच्यामागे मनगटरावांनी तेच चालवले. तराफ्यावरचे सारे बीज या थोरल्या मंडळींपासून येई. ती गेली तर धंद्याचे मूळच उपटले असते, आणि एका बाईने आयुष्यभर जे वेचले तेही.

म्हणून उन्हाळा चढताच दोघांनी थोरल्या मंडळींच्या जाळीच्या पेट्या एकीखाली एक बांधून लांब दोरांवर खोल सोडल्या होत्या. खाली पाणी गार होते. पण तिथे खाद्य तुटपुंजे, पाणी शिळे. आजारी माणसाला अंधाऱ्या खोलीत निजवावे तशी ती सोय. बरी, पण कायमची नव्हे. वरचे पाणी निवले की पेट्या ताबडतोब वर घ्यायच्या. निवले की नाही, ते मात्र दोघांनी मिळून ठरवायचे, असे ठरले होते.

याच दिवसांत एका संध्याकाळी मुलाचा फोन आला. सून स्वयंपाकघरात होती, फोन ओट्यावर, आवाज मोठा. मनगटराव पडवीत चपला काढत होते. मुलगा म्हणत होता, "बाबांना एवढ्या उन्हात तराफ्यावर कशाला नेतेस? आकडा तुझ्या फोनवर येतोच की. आता त्यांना घरी बसू दे."

सून काय बोलली ते भांड्यांच्या आवाजात ऐकू आले नाही. मुलाच्या बोलण्यात माया होती, हे मनगटरावांना समजत होते. मायेने म्हटलेले असले तरी 'घरी बस' हे 'घरी बस'च असते. त्यांनी काढलेल्या चपला पुन्हा पायात सरकवल्या, उगाच कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, आणि जेवताना नेहमीपेक्षा जास्त बोलले.

त्यानंतर त्यांना एकच ध्यास लागला: समुद्र पालटल्याचे आपल्याला आधी कळले पाहिजे, त्या डबीला नव्हे. आणि एक संधी तर तशी नुकतीच येऊनही गेली होती. वरच्या सेन्सरवर चिकट शेवाळ धरले आणि तो तोच तो आकडा दाखवत राहिला. ती चूक मनगटानेच पकडली. सुनेने वायर वर ओढून सेन्सर पुसला आणि मुकाट्याने चहा केला.

मग ती सकाळ उजाडली. सून निवडलेली कालवे घेऊन बाजाराच्या गावी निघाली होती. जाता जाता म्हणाली, "आज नुसते दोर बघा, बाबा. मी दुपारपर्यंत येते."

"आणि दोर माझ्याकडे बघतील," मनगटराव म्हणाले. ती हसत गेली.

त्यांना रात्रभर नीट झोप लागली नव्हती. अंग आंबले होते, सांधे कुरकुरत होते. अंगणात येताच वारा झोंबला आणि अंगावर शहारा आला. हा शहारा त्यांना कितीतरी दिवसांनी भेटत होता. त्यांनी आत जाऊन सदऱ्याखाली लोकरी बंडी चढवली, आणि बंडी चढवताना त्यांच्या मनात आनंदाची एक लहर उठली: वारा फिरला, ऋतू वळला. धक्क्यापर्यंत चालताना ऊनही त्यांना मऊ लागले. तराफ्यावर पोहोचताच त्यांनी बाही दुमडली, मनगट पाण्यात धरले, डोळे मिटले. पाणी गार होते. शंकेला जागाच नाही, असे गार.

त्यांनी पुन्हा हात बुडवला, दुसऱ्या बाजूला जाऊन बुडवला. सगळीकडे तोच गारवा. दोघांनी मिळून ठरवायचे हे त्यांना आठवत होते. पण मंडळी तिकडे खाली उपाशी, आणि सून यायची दुपारी. शिवाय ती येईल तेव्हा पेट्या वर आलेल्या असतील, आणि ती आकडा बघेल, आणि आकडा मागाहून तेच सांगेल. या विचाराची गोडी मोठी होती. फोन त्यांनी नेहमीप्रमाणे घरीच ठेवला होता.

इंजिनवाल्याची बोट जवळून जात होती. मनगटरावांनी त्याला हाक मारून पेट्यांचे दोर ओढायचा रहाट फिरवायला बोलावले.

"पाणी निवलं?" कपाळ पुसत त्याने विचारले. "मला तर अंघोळ केल्यासारखा घाम आलाय."

"तुझ्या अंगावर चरबीची गोधडी आहे. तुझं काय सांगतोस?"

"हेही खरं," इंजिनवाला म्हणाला आणि रहाटाला लागला. मनगटरावांच्या मनगटावर शंका घ्यायची धक्क्यावर रीत नव्हती. दोघांनी मिळून थोरल्या मंडळींच्या साऱ्या पेट्या वर घेतल्या आणि वरच्या पाण्यात बांधल्या. काम होईतो मनगटरावांना धाप लागली होती. ते खांबाला टेकून बसले. दात किंचित वाजत होते, पण मन तृप्त होते.

सून आली ती होडी वल्हवत, नेहमीपेक्षा वेगाने. तराफ्यावर चढून तिने ताणलेले आखूड दोर पाहिले आणि जागच्या जागी थांबली.

"पेट्या वर कुणी घेतल्या?"

"मी. पाणी वळलं. आज चहा तुझ्याकडे."

तिने फोन त्यांच्यासमोर धरला. वरच्या पाण्याचा आकडा कालच्यापेक्षाही चढा होता. "वाटेत बघितला आणि तुम्हाला सारखी फोन करत होते मी."

"शेवाळ बसलं असेल पुन्हा."

तिने वायर ओढून सेन्सर वर काढला. तो लख्ख होता. मग ती वाकली आणि स्वतःचा हात पाण्यात घातला. "बाबा, हे गरम आहे."

"तुझा हात चुलीपुढे वावरलेला. तुला काय कळणार?"

"मग गरम पाणी मला गार लागायला हवं ना?"

हा युक्तिवाद बिनतोड होता, आणि बिनतोड युक्तिवादाने माणूस जसा चिडतो तसे मनगटराव चिडले. त्यांनी ओला हात तिच्यापुढे केला. "या हातानं तुझ्या सासूमागं सगळा समुद्र सांभाळला. तुझी डबी कालची. घे, बघ, थरथरतोय का खोटं बोलतोय."

सुनेने तो हात धरला. तिने दुसऱ्या हाताने त्यांचे मनगट चाचपले, मग सदऱ्याची कॉलर बाजूला करून मानेला हात लावला, मग कपाळाला. लोकरी बंडीची कड तिच्या बोटांना लागली. तिचा आवाज एकाएकी खाली आला.

"बाबा, पाणी गार नाहीये. तुम्ही तापलायत. अंगावर भाकरी भाजेल इतके."

वारा, शहारा, मऊ ऊन, झोंबणारी सकाळ: एकेक साक्षीदार उलटावा तसे सारे मनगटरावांच्या डोळ्यांसमोरून उलटत गेले. समुद्र होता तिथेच होता. आपण त्याच्या पुढे निघून गेलो होतो.

"मंडळी," ते एवढेच म्हणाले.

"आधी तुम्ही. बोटीत बसा, डॉक्टरकडे जायचंय."

"आधी ती खाली सोड."

"ती राहू देत."

"राहू देत काय? तुझ्या सासूनं…"

"सासूबाईंनी मला कालवं सांभाळायला सांगितलं नव्हतं," सून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण शब्द स्पष्ट होते. "त्या मला भेटल्याच नाहीत. मला तुम्ही भेटलात. उठा."

बोट तराफ्याला बांधून अजून तिथेच असलेल्या इंजिनवाल्याने यात पडण्याचे धाडस केले. त्याने सुचवले की मनगटरावांना आपण एकटेही नेऊ शकतो, बोट जलद आहे, डॉक्टरीणबाई ओळखीच्या आहेत. आणि सूनबाईंनी मागे राहून पेट्या सोडाव्यात. सून क्षणभर दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिने आपली ओढणी समुद्रात बुडवून पिळली, मनगटरावांच्या कपाळावर बांधली आणि त्यांना हाताला धरून बोटीत बसवले. मागे वळून ती रहाटाची खीळ काढू लागली. साऱ्या पेट्या एकदम खोल टाकायच्या, असे तिने ठरवलेले दिसत होते.

"थांब," मनगटराव बोटीतून म्हणाले. "तशी नाही. सकाळी मी त्यांना गारातून उकाड्यात आणलं. आता उकाड्यातून एकदम गारात ढकललीस तर उरलेला जीवही जाईल. थोडं सोड, थांब, पुन्हा थोडं सोड. पायऱ्या उतरवल्यासारखी उतरव. उन्हं कलेपर्यंत वेळ लागू दे."

"मध्ये किती थांबायचं?"

"ते मला माहीत नाही," मनगटराव म्हणाले. तराफ्याच्या बाबतीत त्यांनी आयुष्यात हे वाक्य बहुधा प्रथमच उच्चारले. "तुझी ती वायर पेटीला बांध. पेटी जाईल तिथं सेन्सर जाईल. आकडा ठरला की पुढं सोड."

बोट वळली तेव्हा सून खाली बसून पेटीच्या जाळीला वायर बांधत होती.

ताप उतरायला बरेच दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी औषध दिले, दटावले, आणि या वयात लोकरी बंडी घालून उन्हात रहाट फिरवणाऱ्याला औषधापेक्षा अकलेची गरज असते, असे इंजिनवाल्याच्या देखत सांगितले. त्याने ते धक्क्यावर शब्दशः पोहोचवले. मनगटराव निजून असत. सून रोज संध्याकाळी तराफ्यावरून येई, हात धुई, आणि आधी काखेत थर्मामीटर लावी. तो बघून झाल्यावर पेज देई. कालवांविषयी ती एक अक्षर काढत नसे, आणि ते विचारत नसत. न विचारण्यात एक सोय होती: जोवर विचारले नाही तोवर सारी जिवंत होती.

मुलाचा फोन आला की सून तो त्यांच्या कानाला लावी. "आता आराम करा, बाबा," मुलगा म्हणे. "हो," ते म्हणत. पूर्वी या शब्दावर ते भांडले असते. आता त्यांना तो योग्य वाटू लागला होता. ज्याच्या कातडीने त्याला फसवले त्याने घरी बसावे. यात अन्याय काय आहे? न्याय इतका स्वच्छ दिसत होता की त्यांना त्याच्याविरुद्ध बोलायला एकही मुद्दा सापडेना, आणि मुद्दा न सापडणे हेच त्यांना तापापेक्षा जास्त लागत होते.

ताप पुरता गेला त्या दिवशी सून थर्मामीटर झटकून ठेवत पलंगाच्या कडेवर बसली. शेजारी तिने दोन कप चहा आणून ठेवला होता.

"दोरांवरच्या सगळ्यांत वरच्या दोन पेट्या गेल्या," ती म्हणाली. "बाकीच्या आहेत. रोज शिंपले वाजवून बघते. मिटतात."

मनगटरावांनी कप घेतला आणि तसाच धरून ठेवला. दोन पेट्या. त्यांत त्यांच्या बायकोच्या हातची काही असणार. ते म्हणाले, "तुझा आकडा बरोबर होता. यापुढं तूच बघ. मी काही आता येत नाही."

समजूत काढली जाईल, अशी त्यांची अपेक्षा होती, आणि समजूत फेटाळायची तयारीही होती. पण सुनेने समजूत काढली नाही.

"बघेन," ती म्हणाली. "एक सांगा फक्त. खालच्या कशा वाचल्या?"

"हळू सोडल्यास म्हणून."

"मला नाही वाटत. वरच्याही हळूच सोडल्या होत्या. खालच्या पेट्यांत जाळी मोठी आहे, पाणी खेळतं. म्हणून वाचल्या."

"जाळीचा काय संबंध?"

"मग कशाचा?"

"अगं, वरच्या पेट्यांत दाटी किती होती. एकमेकांच्या तोंडचं पळवायची. उपाशी माणसाला ताप आला तर तो टिकतो का?"

"दाटी तुम्हीच केली होती."

"मी केली, कारण तू नव्या पेट्या शिवल्या नाहीस."

"मी शिवल्या होत्या. तुम्ही म्हणालात, टाके लांब आहेत."

"लांब होतेच."

"लांब होते म्हणून पाणी खेळलं असतं. म्हणजे जाळीचाच संबंध झाला."

मनगटराव उशीला टेकून सरळ बसले. चहा थोडा चादरीवर सांडला. दोघांनीही तिकडे पाहिले नाही. "तुला एक गोष्ट नीट समजावून सांगितल्याशिवाय चालायचं नाही. जाळी मोठी केलीस तर बारकी कालवं निसटतील, आणि लहान ठेवलीस तर दाटीत घुसमटतील. उपाय एकच. थोरली मंडळी पसरायची, थोडी थोडी, साऱ्या तराफ्यावर, निरनिराळ्या खोलीवर. म्हणजे एखाद्यानं पुन्हा मूर्खपणा केला तरी सगळी एकदम सापडणार नाहीत. दोर मात्र नवे लागतील, जुन्यांना पीळ धरलाय. उद्या सकाळी लवकर गेलो तर ऊन चढायच्या आत आपण निम्म्या पेट्या…"

ते बोलता बोलता थांबले. आपण काय म्हटले ते त्यांच्या ध्यानात आले होते.

सूनही थांबली होती. तिने ते ऐकले होते. पण ऐकल्याचे तिने चेहऱ्यावर येऊ दिले नाही. सासऱ्यांच्या हातातला निवलेला कप तिने काढून घेतला, "टाके लांब नव्हते," एवढे बजावले, आणि दुसरा चहा टाकायला ती आत निघून गेली.